इनास सरांचे तीन कोपरे

शाळेचा शिपाई किसन सायकलवरून आमच्या वाडीत शिरला, तेव्हा आम्ही घरातल्या बायका ओट्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होतो. रविवारची दुपार. किसन रविवारी कधी येत नाही. त्याने सायकल केळीला टेकवली, टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, इनास सर गेले." सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपून ते घरी आले, चहा मागितला, आणि त्यांची बायको आग्नेसबाई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत खुर्चीतच... मी कळ्यांची टोपली हातात धरून तशीच बसून राहिले. माझा विश्वासच बसेना. कारण आदल्याच दिवशी, शनिवारी शाळा सुटताना, हा माणूस वऱ्हांड्यातून माझ्याकडे धावत आला होता. पन्नाशी उलटलेली, धोतर सोडून पँट घालायला लागल्यापासून कमरेचा पट्टा सदा सैल, आणि एका हाताने पँट सावरत धावत! "मालतीबाई, चकवलं हो मला त्या पोराने, साफ चकवलं!" कुठल्या पोराने, कसं चकवलं, ते सांगायच्या आत फाटकापाशी कुणीतरी त्यांना हाक मारली. "नंतर सांगतो, सविस्तर सांगतो," म्हणून हात हलवत गेले. तो पोरगा कोण हे मला अजून कळलेलं नाही. वर्गातल्या एकेकाला विचारून पाहिलं, प्रत्येक जण म्हणतो मीच असेन! पण गोष्ट मोठी असणार याबद्दल मला शंका नाही, कारण सरांकडे लहान गोष्ट नसायचीच. एखाद्या पोराला हातचा घ्यायला जमलं, तरी ते असे यायचे की जणू लॉटरी लागली आहे.

आमची शाळा आगाशीहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, बैठ्या कौलारू इमारतीत, चौथीपर्यंतची. माझ्याकडे तिसरी आणि सरांकडे चौथी. मध्ये भिंत नव्हती, फळ्यांचं पार्टिशन होतं, आणि त्या फळ्यांना भेगा होत्या. त्यामुळे सर चौथीला जे शिकवायचे ते माझी तिसरी फुकटात शिकायची, आणि मी रागावले की चौथीही चिडीचूप व्हायची. पोरं चहूकडची. आमच्यासारख्या वाडवळांच्या बागायतीतली, आसपासच्या गावांतल्या ख्रिस्ती घरांतली, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली, थोडी मिठागरांकडची. एका वर्गात चार तऱ्हेची मराठी चालायची. मी सगळ्यांना एकच सरळ रांग लावून बसवायची, फळ्यावर लिहायची, म्हणून घ्यायची आणि पुढे जायची. जे मागे राहतील ते राहतील. त्या काळी आम्ही सगळेच शिक्षक असे शिकवायचो आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. सरही तसेच शिकवायचे... त्या उन्हाळ्यापर्यंत.

सत्तराच्या दशकाची अखेर असावी. उन्हाळी सुट्टीत आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण शिबिर झालं. कुणी तरुण अधिव्याख्याते आले होते, त्यांनी शैक्षणिक मानसशास्त्रावर व्याख्यान दिलं. 'वैयक्तिक भेद' हा विषय आम्हाला नवा थोडाच होता! डी.एड.च्या परीक्षेला हमखास येणारा प्रश्न तो. व्याख्या लिहा, प्रकार लिहा, कारणं लिहा, सोदाहरण स्पष्ट करा. आम्ही सगळ्यांनी तो पाठ करून, लिहून, मार्क घेऊन केव्हाच विसरून टाकला होता. बाकीचे शिक्षक पंख्याखाली पेंगत होते. माझ्या शेजारी बसलेले इनास सर मात्र हळूहळू खुर्चीच्या टोकाशी सरकत चालले होते. व्याख्याते म्हणाले, सगळी मुलं एकाच वाटेने शिकत नाहीत. कुणी ऐकून शिकतं, कुणी पाहून, कुणी हाताने करून. सर माझ्याकडे वळून, जवळजवळ ओरडलेच, "अहो, खरंच की!" सगळं शिबिर मागे वळून बघायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या एसटीत विरारपर्यंत त्यांनी मला एक शब्द बोलू दिला नाही. "मालतीबाई, हे आपल्याला परीक्षेला होतं हो! आपण पास झालो आणि पुस्तक विकून टाकलं! एवढी खरी गोष्ट, आणि आपण ती विकून टाकली!"

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चौथीच्या वर्गात रांगा नव्हत्या. सरांनी बाकं ओढून तीन कोपरे केले होते. कानाचा कोपरा, डोळ्यांचा कोपरा आणि हाताचा कोपरा. पहिले काही आठवडे त्यांनी नुसतं निरीक्षण केलं. कोण ऐकताना डोळे मिटतं, कोण तक्त्याकडे टक लावतं, कोणाची बोटं सारखी काहीतरी चाळवत असतात... आणि मग वाटण्या केल्या. कानाच्या कोपऱ्यात पाढे चालीवर चालायचे. तेराचा पाढा चर्चमधल्या गाण्याच्या चालीवर, सतराचा आमच्या वाडीतल्या भजनाच्या चालीवर, आणि दोन्हीकडची पोरं दोन्ही चाली बेंबीच्या देठापासून म्हणायची. डोळ्यांच्या कोपऱ्यात भिंतभर तक्ते, चित्रं आणि कपाटातून काढलेली गोष्टींची पुस्तकं. हाताच्या कोपऱ्यात चिंचोके, शिंपले, माती आणि जाळ्याची सुतळी. सुतळीला गाठी मारून गुणाकार! कोळ्यांची पोरं त्यात अशी पटाईत, की बाकीच्यांची गाठ बसायच्या आत यांचा हिशेब संपलेला. एक बागायतदाराचा पोरगा यातल्या कुठल्याच कोपऱ्यात टिकेना. सरांच्या लक्षात आलं की त्याला चालताना आठवतं. मग त्याला वर्गातून फेऱ्या मारायची मुभा मिळाली. केळीच्या ओळीतून पाणी लावत फिरावं तसा तो बाकांमधून फिरायचा आणि एकोणिसाचा पाढा धडाधड म्हणायचा. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दारात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाले, "इनास, ही शाळा आहे की मासळीबाजार?" अर्नाळ्याच्या पोरांना ती शाबासकीच वाटली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगते, सुरुवातीला मला त्या गोंगाटाचा वैताग यायचा. पण दिवसातून एकदा तरी पार्टिशनवर टकटक व्हायची आणि भेगेतून सरांचा आवाज यायचा, "मालतीबाई, इकडे या, लवकर या, हे बघाच!" मी खडू ठेवून जायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता मात्र सांगायचं, पुरे झालं म्हणून. आणि प्रत्येक वेळी सरांचा तो लखलखता चेहरा बघून मीच 'अगंबाई' म्हणत उभी राहायची. असंच एकदा त्यांनी बोलावलं ते जयवंतीने केलेला किल्ला दाखवायला.

जयवंती अर्नाळ्याच्या एका तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, खलाशी त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. ही पोर मात्र मुलखाची अबोल. माझ्याकडे तिसरीत होती तेव्हा प्रश्न विचारला की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहायची, म्हणून मी विचारायचंच सोडलं होतं. सरांनी तिला हाताच्या कोपऱ्यात बसवलं, आणि तिने माती आणि शिंपल्यांतून अर्नाळ्याच्या बेटावरचा किल्ला उभा केला. बुरूज, दरवाजा, तटावरची झाडं, पाण्याकडची पायरी, सगळं आठवणीतून! मी गेले तेव्हा सर त्या किल्ल्याभोवती अक्षरशः नाचत होते. "ही बघा, बाई! ही पोर आपण मुकी समजत होतो! हिची वाचा हिच्या बोटांत आहे!" जयवंती मान खाली घालून हसत होती. तिचं ते हसू मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर ती हाताच्या कोपऱ्याची राणी झाली. सर येणाऱ्याजाणाऱ्याला, पोस्टमनलासुद्धा, तिच्याकडे नेऊन तिचे हात दाखवायचे.

आमच्याकडे पालकसभा पावसाळ्यात घ्यायची पद्धत सरांनीच पाडली. बाकीच्या शाळा डिसेंबरात घ्यायच्या, आणि कोळीवाड्यातून एकही बाप यायचा नाही, कारण सगळे समुद्रात. सर म्हणाले, नारळी पौर्णिमेच्या आधी बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं मोकळी असतात, तेव्हाच सभा घ्या. त्या वर्षी जयवंतीचे वडील आले. दारापाशी ताठ बसले. सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि भरभरून सांगितलं, "तांडेल, तुमची मुलगी पुस्तकातली नाही, हातांतली आहे. देवाने तिला हात दिलेत! असे हात मी पाहिले नाहीत." तांडेलांनी मान डोलावली. सरांचा ऊर भरून आला होता आणि मलाही वाटलं, वा, बापाला केवढा अभिमान वाटला असेल.

दिवाळीची सुट्टी संपली आणि एक दिवस जयवंती पाण्याच्या रांजणापाशी माझ्याजवळ आली. "बाई, मी पाचवीला नाय जायची." आमच्याकडे पाचवीसाठी हायस्कुलात जावं लागतं. "का गं?" मी विचारलं. "बाबा बोलला, सरच बोलले ना, पोरगी पुस्तकातली नाय, हाताची हाय. मग हाताचं काम घरी लय हाय. जाली हायत, बोंबील हायत." एवढं बोलून तिने तांब्या पालथा घातला आणि वर्गात गेली. मी तशीच सरांकडे गेले आणि त्यांना वऱ्हांड्यात बोलावून सांगितलं. सरांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पाहिला. "पण मी तर कौतुक केलं होतं, बाई..." ते एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी सायकल हाणत अर्नाळ्याला गेले. हातांनासुद्धा शाळा लागते, नकाशे असतात, चित्रकला असते, असं बरंच काही त्यांनी सांगून पाहिलं. तांडेलांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमी शिकलेले. तुमी एकदा बोलले ते खरं मानलं. आता फिरवू नका." सर परत आले ते पार गळून. पंचाईत अशी होती, की तांडेल जे म्हणत होते ते सर स्वतःही मानत होते. पोर पुस्तकातली नाही, हे त्यांचंच तर मत होतं! स्वतःच्या मताविरुद्ध ते कोणत्या तोंडाने भांडणार? चौथीची परीक्षा झाली की जयवंतीची शाळा संपणार, हे ठरल्यासारखंच झालं.

आणि मग जानेवारीतलं स्नेहसंमेलन आलं. आजही ती संध्याकाळ आठवली की मी एकटीच हसत सुटते.

सरांनी स्वतः एक नाटुकलं लिहिलं होतं. राजाला झोप येत नाही, नाना तऱ्हेचे वैद्य येतात, नाना उपाय करतात, आणि शेवटी राजा झोपतो. रंगमंच शाळेच्या पटांगणात, बाकं जोडून. पडदा म्हणून कोळीवाड्यातून आणलेलं बोटीच्या शिडाचं कापड, त्याला अजून समुद्राचा वास! पडद्याची दोरी जयवंतीच्या हातात, कारण हातांची पोर, आणि गाठी तिच्यासारख्या कुणाला मारता येत नव्हत्या. मी विंगेत प्रॉम्प्टर. आठवडाभर तालमी घेऊन माझा घसा पुरता बसला होता, पण म्हटलं कुजबुजायचंच तर आहे. पडदा उघडायला काही मिनिटं उरली आणि सर घामाघूम होऊन माझ्याकडे धावत आले. एक पोरगा रडत बसला होता, त्याला भूमिका मिळाली नव्हती. "प्रत्येकाला काहीतरी हवंच, बाई! मी त्याच्यासाठी एक नवा वैद्य लिहिलाय." आणि एक कागद माझ्या हातात कोंबून गेलेसुद्धा. मी पेट्रोमॅक्सच्या उजेडात कागद धरला. आता, सरांचं अक्षर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगू! पावसाळ्यात वऱ्हांड्यात खेकडे शिरतात तसं ते ओळ सोडून हवं तिकडे जायचं. आम्ही शिक्षक त्यांची हजेरी वाचायलाही त्यांनाच बोलवायचो.

नाटक सुरू झालं. पहिले वैद्य मजेत पार पडले. मग तो नवा वैद्य आला, राजापुढे उभा राहिला, आणि गप्प. सरांनी त्याला पळता पळता दोनदा म्हणून दाखवलं असेल, ते कुठलं लक्षात राहायला! तो विंगेकडे बघतोय, मी कागदाकडे बघतेय. पहिली ओळ लागेना. लागली तेव्हा तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा. प्रेक्षकांत खसखस पिकली. पोरगा रडकुंडीला आला. आणि एवढ्यात माझ्या खांद्याजवळून आवाज आला. हळू, पण स्पष्ट, आणि पुरत्या ठसक्यात: "महाराज, आपली झोप उशीखाली अडकली आहे. जरा उठा, मी काढून देतो." पोरगा तेच बोलला. सभा हसली. पुढची ओळ. पोरगा बोलला. सभा आणखी हसली. मी मान वळवून पाहिलं, तर जयवंती! माझ्या खांद्यावरून वाकून, त्या खेकड्यांच्या वरातीतून, न अडखळता वाचत होती. तालमीत ऐकून पाठ झालं असेल म्हणावं, तर हा कागद जगात येऊन अर्धा तास झाला नव्हता! मी कागद तिच्या पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, अगदी रंगून जाऊन... आणि दोन्ही हातांनी धरला म्हणजे दोरी सुटली! ते जडशीळ शीड धाडकन खाली आलं, राजाच्या आणि वैद्याच्या डोक्यावर. आतून राजा "मेलो, मेलो" ओरडतोय, बाहेर लोकांना वाटतंय राजाला झोप लागली, नाटक संपलं, आणि टाळ्यांचा कडकडाट. आमच्या शाळेच्या कुठल्याही नाटकाला एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत.

मी सरांना विंगेत ओढून आणलं आणि आवाज नसताना, खाणाखुणा करत सांगितलं. त्यांना पटेना. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला. तिने वाचला. पाकिटाच्या पाठीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, जे हाताला लागलं ते पुढे धरलं. तिने सगळं वाचलं. सर तिच्यापुढे मातीत मांडी घालून बसले. "कधी शिकलीस गं?" तर म्हणाली, हाताच्या कोपऱ्यातून समोर डोळ्यांचा कोपरा दिसतो. आधी भिंतीवरचे तक्ते वाचले, ते संपल्यावर समोरच्या पोरांची पुस्तकं वाचायला लागले. ती पोरं पुस्तकं बाकावर आपल्या बाजूने उघडून ठेवायची, त्यामुळे हिला ती उलटी दिसायची. ही उलटंच वाचायची! "मग मला सांगितलं का नाहीस?" जयवंतीने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली आणि म्हणाली, "तुमी शिंपल्याचं बघून लय खूश व्हायचे, सर. मना वाटलं, तुमाला तेच आवडतं."

सर हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मालतीबाई, ऐकलंत? मी वर्षभर समजत होतो की मी हिचं निरीक्षण करतोय. ही माझं करत होती! सर कशाने खूश होतात, सर कुठल्या वाटेने शिकतात, हे हिने ओळखलं आणि मला त्या कोपऱ्यात बसवून ठेवलं!" इतकी मोठी चूक निघाली आणि हा माणूस आनंदाने वेडा झाला होता. मला त्यांचं हे अजून समजत नाही, आणि अजून त्याचा हेवा वाटतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सा सुटताच पांढऱ्या शर्टातच सर माझ्या दारात हजर. चला म्हणाले. आम्ही अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा तांडेल जाळं शिवत बसले होते. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते, बायका कामात होत्या, खलाशी इकडे तिकडे. मी म्हटलं, सर, त्यांना जरा बाजूला बोलवू या. ते म्हणाले, "नाही. कौतुक चारचौघांत केलं होतं ना? मग हेही चारचौघांतच." आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तांडेल, मी चुकलो. तुमची मुलगी वाचते. माझ्या वर्गात तिच्याइतकं कुणी वाचत नाही." तांडेलांची सुई थांबली नाही. ते म्हणाले, "सर, आधी बोलले हाताची. आता बोलता पुस्तकाची. उद्या काय बोलाल?"

मला वाटलं, संपलं. सरांनी वाळूत पाहिलं, समुद्राकडे पाहिलं... आणि म्हणाले, "उद्या काय बोलेन ते मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही, तांडेल. तिची एक बाजू दिसली आणि अख्खी पोर दिसली म्हणून मी गावभर ओरडत सुटलो. अजून काय काय निघेल कोण जाणे! पण ती घरी बसली, तर ते मला कळायचं नाही, तुम्हालाही कळायचं नाही, आणि तिलाही नाही. म्हणून तिला पाठवा." मी त्यांना एवढं काकुळतीला आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तांडेलांनी आता जाळं खाली ठेवलं. बोंबलांच्या मांडवामागे जयवंती उभी होती. तिला बोलावलं आणि विचारलं, बहुधा पहिल्यांदाच विचारलं असेल, "तुला काय पायजे गो?" सर तोंड उघडायला लागले, तर मी त्यांची बाही धरून ओढली. मग ती म्हणाली, "मना दोनी पायजेत." एक म्हातारी खो खो हसत सुटली, "दोनी? हावरी हाय पोरगी!" मग सगळा किनाराच हसला. तांडेलही हसले. पण हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले.

ते 'बघू' आम्हाला पाच महिने पुरलं. जूनमध्ये हायस्कूल सुरू झालं त्या सकाळी सर आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर सायकलच्या चाकात हवा भरत उभे होते. हवा आधीच भरलेली होती, मी हात लावून पाहिलं. अर्नाळ्याकडून पोरांचा घोळका आला. त्यात लाल रिबिनी लावलेली, नवं दप्तर छातीशी धरलेली जयवंती होती. सरांनी पंप रस्त्यात टाकला आणि माझ्याकडे बघून नुसते दोन्ही हात वर केले. आज ती विरारला कॉलेजात शिकते. सरांच्या अंत्यविधीला आली होती. तांडेल चर्चच्या पायऱ्यांपाशी घुटमळत होते, आत जावं की नाही त्यांना कळेना, तर तिनेच त्यांना हाताला धरून आत आणलं. शवपेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, चुकलो म्हनून सांगाया कोन येतो?"

त्या जूननंतर सरांनी कोपऱ्यांची नावं पुसून टाकली, पण कोपरे ठेवले. नवा नियम केला. कुठल्याही पोराबद्दल आठवड्यापलीकडे काही ठरवायचं नाही. दर सोमवारी पोरांनी दप्तरं उचलायची आणि हवी ती जागा घ्यायची, मात्र मागच्या आठवड्याची नाही. पार्टिशनच्या अलीकडे मला सोमवारी सकाळी बाकं सरकल्याचा, भांडणांचा, पळापळीचा दणदणाट ऐकू यायचा. इतकी वर्षं ऐकला. कधी उठून पाहायला मात्र गेले नाही, कारण तेव्हा माझी हजेरी चालू असायची.

सरांना माती दिल्यानंतरच्या सोमवारी मोठे गुरुजी म्हणाले, नवे शिक्षक येईपर्यंत चौथी तुम्हीच सांभाळा. मी चौथीत गेले. फळ्यावर नेहमीप्रमाणे वर तारीख, वार, विषय लिहिला आणि वळले, तर सगळी पोरं दप्तरं काखोटीला मारून उभी. 'जागेवर बसा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते गिळले. म्हटलं, घ्या जागा. एकच धांदल उडाली. बाकं करकरली, एकाची पाटी पडली, दोघं एका जागेवरून भांडली, आणि मग सगळं शांत झालं. मी खुर्चीकडे वळले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, तिथं नाय. तुमी पन नवीन जागा घ्यायची."

"मी?"

"सर पन घ्यायचे. दर सोमवारी. आमच्यात बसायचे, मंग शिकवायला उठायचे."

इतक्या वर्षांत सरांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, शेवटच्या आठवड्यात ते कुठे बसले होते? तर चार पोरांनी चार बाकं दाखवली आणि त्यावरून त्यांची जुंपली. शेवटी खिडकीसमोरच्या, मागच्या बाकावरची पोरं आपणहून सरकली आणि मधे थोडी जागा केली. मी पदर खोचला आणि गेले. बाक भलतंच बुटकं. गुडघे पोटाशी घेऊन, दोन पोरांच्या मध्ये कशीबशी बसले आणि समोर पाहिलं. खिडकीतलं ऊन तिरपं होऊन फळ्यावर पडलं होतं, आणि मी नुकतंच एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं तिथून काहीच दिसत नव्हतं.